नोटबुक उघडलं, पण वाचता येतं का?



स्वागताध्यक्षानं मांडव, पाणी आणि जेवण यांपलीकडे फार बोलू नये, असा संकेत आहे. तेवढं आधी उरकतो. दुपारी मासवडी आहे आणि रस्सा जुन्नरी तिखटाचा आहे. आता राहिलेल्या वेळात, जन्मभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या हाती माईक दिल्याची शिक्षा आपल्याला भोगावी लागेल.

ही परिषद इथं नारायणगावात भरते आहे ती शेजारच्या खोडदमुळे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्यातल्या 14 खोडदजवळ एका पट्ट्यात आणि उरलेल्या 16 तीन फाट्यांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. आमच्या लोकांना या डिश कांद्याच्या आणि द्राक्षाच्या शेतांमागे रोज दिसतात. विज्ञान दिनाला पोरंबाळं घेऊन आम्ही त्या पाहूनही येतो. पण त्या डिशमधून जे बाहेर पडतं ते आम्हाला कधी दिसत नाही. आकडे पुण्याला जातात, तिथून जगभर जातात. ते कुणीतरी निवडतं, त्यातला मोबाइलचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट काढतं आणि मग कुठं दूरच्या दीर्घिकेचं चित्र तयार होतं. या कामाचा मोठा भाग आता नोटबुकमध्ये होऊ लागला आहे.

पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या मंडळींसाठी दोन शब्द. नोटबुक म्हणजे संगणकातली अशी फाइल, जिच्यात समजावणारा मजकूर, प्रत्यक्ष प्रोग्रॅम आणि त्यातून निघालेला आलेख एकाखाली एक येतात. सध्या जगभर चालतं ते जुपिटर. 2014 साली आयपायथन या प्रकल्पातून ते वेगळं झालं. कल्पना मात्र जुनी आहे. 1610 साली गॅलिलिओनं गुरूच्या चंद्रांची निरीक्षणं छापली, तेव्हा रात्रीमागून रात्रीची नोंद आणि तिच्या शेजारीच ठिपक्यांची बारकी आकृती, असंच केलं होतं. वाचणाऱ्याला तो सांगत होता, मी हे पाहिलं, तुम्हीही ताडून पाहा.

आपल्या काळातलं याचं उत्तम उदाहरण लायगो या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या प्रकल्पाचं. 14 सप्टेंबर 2015 ला गुरुत्वीय लहर टिपली गेली. 11 फेब्रुवारी 2016 ला ती जाहीर झाली. त्याबरोबर डेटाही खुला झाला आणि तो कसा हाताळायचा हे दाखवणारं नोटबुकही. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांचे संकेत, त्यांच्यातला सुमारे 7 मिलिसेकंदांचा फरक, गोंगाट गाळण्याच्या पायऱ्या आणि शेवटी ती लहर आवाजाच्या रूपात ऐकण्याची सोय, सगळं त्यात होतं. गोंगाटातून असा संकेत हुडकण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं आधीपासून काम करत होते, हे इथं अभिमानानं सांगायला हवं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. 2017 मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या काही संशोधकांनी तोच खुला डेटा घेऊन शंका काढली, की दोन्ही वेधशाळांच्या उरलेल्या गोंगाटातही साम्य दिसतं. लायगोच्या बाजूनं उत्तर आलं, तेही नोटबुकसकट. शोध टिकला. भांडण झालं, पण ते आकड्यांवर झालं, आणि बाहेरच्या माणसाला दोन्ही बाजू स्वतः चालवून बघता आल्या.

एवढं सगळं गोड असतं तर परिषद भरवायची गरज नव्हती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहब या प्रोग्रॅम साठवण्याच्या संकेतस्थळावरची सुमारे 14 लाख नोटबुकं तपासली गेली. जी चालवून पाहिली, त्यांतली जेमतेम 24 टक्के एररशिवाय शेवटपर्यंत गेली. मूळचंच उत्तर पुन्हा देणारी निघाली फक्त 4 टक्के. कारणं आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहेत. सातवा सेल, म्हणजे नोटबुकातला प्रोग्रॅमचा सातवा तुकडा, आधी चालवला, मग तिसरा बदलला, मग मधला एक पुसून टाकला; लिहिणाऱ्याच्या संगणकाच्या स्मृतीत सगळं शिल्लक, कागदावर काहीच नाही. लायब्ररीची कुठली आवृत्ती वापरली, लिहिलेलं नाही. डेटाची फाइल लेखकाच्याच डेस्कटॉपवर. यावर उपाय साधा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही: पाठवण्याआधी सगळं बंद करून वरपासून खालपर्यंत एकदा चालवावं, आणि तेही दुसऱ्याच्या संगणकावर.

चालणारं नोटबुकसुद्धा मुकं असू शकतं. समजा, एका ओळीत पश्चिम फाट्यावरची एक डिश वगळली आहे. का? वाऱ्यामुळे ती थांबवली होती, की त्या दिशेनं गोंगाट येत होता, की उत्तर मनासारखं येईना म्हणून? प्रोग्रॅम हे सांगत नाही. सांगायचं माणसानं असतं. मी तर म्हणेन, ज्या सेलमध्ये काही वगळलं आहे त्याच्या वर एक परिच्छेद असलाच पाहिजे, बाकी ठिकाणी नसला तरी चालेल.

आता ज्यासाठी हा मांडव मुख्यतः घातला आहे त्या विषयाकडे. माझा एक अंध विद्यार्थी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, नोटबुक ऐकतो. आलेख आला की यंत्र म्हणतं, ‘इमेज’. बस, एवढंच. जाड टाइपात लिहिलेलं शीर्षक त्याच्या लेखी शीर्षक नसतं, कारण त्याला शीर्षक म्हणून खूणच केलेली नसते. मग त्याला एका भागातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही, सगळा प्रोग्रॅम ओळीओळीनं ऐकत बसावं लागतं. तो एकटा नाही. 2023 मधल्या एका अभ्यासात एक लाख नोटबुकं पाहिली, तेव्हा प्रोग्रॅमनं काढलेल्या जवळजवळ कुठल्याच आकृतीला वर्णन जोडलेलं आढळलं नाही. हे अशक्य आहे म्हणावं तर जुलै 2022 मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली चित्रं आली तेव्हा ती दुर्बीण चालवणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेनं प्रत्येकासोबत तपशीलवार लेखी वर्णन दिलं, आणि डोळस लोकांनीही ते आवडीनं वाचलं. त्याच संस्थेतल्या मंडळींनी पुढे अंध आणि अल्पदृष्टी वापरकर्त्यांना सोबत घेऊन नोटबुकं तपासली. आणि वांडा दियाझ-मर्सेद या अंध खगोलशास्त्रज्ञ तर डेटाचं ध्वनीत रूपांतर करून संशोधन करतात.

रंगांचंही तसंच. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीनं 2017 मध्ये इंद्रधनुषी रंगपट्टी बाजूला ठेवून विरिडिस ही नवी पट्टी आपोआप लागू होईल असं केलं. रंगांधळ्या माणसालाही ती कळते, आणि काळी-पांढरी छापली तरी उजळ-गडद क्रम बिघडत नाही. तरी आजही इंद्रधनुष्य का लागतं, तर शोधनिबंधात ते झकास दिसतं म्हणून!

परवा आपण नाणेघाटात जाणार आहोत. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख आहे. यज्ञात दान केलेल्या गायी-घोड्यांचे आणि नाण्यांचे आकडे भर व्यापारी वाटेवर कोरलेले आहेत. आकडे दगडात टिकले, पण ती लिपी वाचणारं शतकानुशतकं कुणी उरलं नव्हतं. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं ती ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. आपल्या तक्त्यांतले रकान्यांची नावं आणि एककं न दिलेले आकडे पाहताना मला तो लेख आठवतो.

काही सूचना. उद्या खोडदच्या बसमध्ये चढतानाच मोबाइल बंद करायचे आहेत. खिशात नुसते सायलेंट करून ठेवून चालणार नाही. कार्यक्रमपत्रिका ब्रेलमध्येही आहे, ती दारापाशी मागून घ्यावी. आणि संयोजन समितीनं सर्व वक्त्यांना एक अट घातली आहे: पडद्यावर आलेख आला की ‘हे बघा’ म्हणून पुढे जायचं नाही. अक्षावर काय आहे, रेघ कुठं चढते, कुठं पडते, ते तोंडानं सांगायचं. समोर बसलेल्यांपैकी काहींना तो पडदा दिसत नाही. अट पहिल्या वक्त्यापासून लागू आहे, आणि पहिले वक्ते आपले अध्यक्षच आहेत. त्यांच्या भाषणात बरेच आलेख आहेत असं कानावर आलं आहे. त्यांना मी व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.