पुणे १८९७ : बाईची तक्रार लिहून कुणी घेतली?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पुण्याचं १८९७ हे वर्ष आपण सगळ्याच शाळेत शिकलो. प्लेग, रँडसाहेब, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या, चाफेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. १९७९ साली त्याच तारखेच्या नावाचा सिनेमाही निघाला. या घटना काही मी पुन्हा सांगत बसत नाही. तक्रार घेऊन आलेल्या बाईसमोर जी वही उघडून बसते, तिच्या जागेवरून मला या वर्षाकडे बघायचंय.

फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. १३ मार्चपासून गोरे सोल्जर घरोघर झडती घेऊ लागले. प्लेगची गाठ येते जांघेत नाहीतर काखेत. म्हणजे तपासायचं ते नेमकं तिथंच. बायकांची तपासणी कशी झाली, याचा बोभाटा गावभर झाला. त्या वेळच्या तक्रारी वाचल्या की एक गोष्ट खटकते. सोल्जर चुलीपाशी गेले, देवघरात शिरले, बायकांना हात लावला. चूल, देव आणि बाई एकाच यादीत! तिघीही घराच्या मालकीच्या. ज्या बाईला हात लागला तिला काय वाटलं, हे तिच्या तोंडून आलेलं फारसं कुठे सापडत नाही.

झडत्या सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता त्यांना प्लेग झाला. त्या वर्षाच्या ठळक घटना सांगताना हा मृत्यू कितीदा सांगितला जातो, तुम्हीच आठवून बघा.

बाईनं स्वतःच्या सहीनं तक्रार केली, असं एक ठळक नाव मात्र आहे. पंडिता रमाबाई. प्लेगच्या हॉस्पिटलात बायकामुलींना कसं वागवलं जातं, हे त्यांनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून जाहीर केलं. सरकारनं ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. गावातल्या पुढाऱ्यांनी पाठीशी उभं राहावं, तर बाई ख्रिस्ती झालेली. चारच वर्षांपूर्वी धर्मांतराच्या वादावरून याच पुण्यात तिच्या शारदा सदनावर टीकेची झोड उठली होती. दोन्हीकडून एकटी. आपल्यातल्या पुष्कळजणींना ही जागा ओळखीची वाटेल.

मग गोखल्यांचं प्रकरण. गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी तिथे सांगितलं, की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला, त्यातल्या एकीनं जीव दिला. सरकार म्हणालं, पुरावा आणा. गोखले परतले, तर पुरावा घेऊन पुढे यायला कुणी तयार नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. यावर इतिहासात पानंच्या पानं आहेत, पण ती सगळी गोखल्यांच्या मानहानीबद्दल.

पुढे येणार तरी कोण होतं? नाव सांगितलं की घरचे दार लावणार, जात वाळीत टाकणार. आणि दाद मागायची कुणाकडे, तर ज्या कमिटीची माणसं झडतीला येत तिच्याकडेच. पुरावा मिळाला नाही म्हणजे घडलंच नाही, हा हिशेब त्या सरकारचा होता. आजही चौकीत तोच ऐकू येतो. बायकांच्या अब्रूचा सूड म्हणून ज्यांनी गोळ्या झाडल्या, ते चाफेकर सुधारकांचे कट्टर वैरी. बाईच्या नावानं लढायला पुरुष पुष्कळ मिळाले. तिचं म्हणणं ऐकून घ्यायला त्यातला कोण बसला?

आज कायदा बदलला आहे, तो आपोआप नाही. मथुरा प्रकरणानंतर बायका रस्त्यावर आल्या म्हणून १९८३ साली दुरुस्ती झाली आणि बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापणं गुन्हा ठरलं. न्याय संहितेतही ती तरतूद आहे. पण तोच १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला. बायका मारणाऱ्या नवऱ्यासकट घरात कोंडल्या गेल्या. राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपचा नंबर द्यावा लागला. फोनवर बोलायचं तर तो शेजारी बसलेला.

दुपारच्या गटचर्चेला आपापल्या केंद्राच्या तक्रारवह्या आणा, नावं झाकून. मला बघायचंय की पहिल्या भेटीत बाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिलंय का, की ‘कौटुंबिक वाद’ एवढं लिहून आपण पुढच्या रकान्याकडे वळलोय. जिला लिहिता येत नाही तिला मजकूर वाचून दाखवून मग अंगठा घेतला का, तेही बघू. कायद्याचं त्यानंतर बोलू.