काय वाचावे? तिठ्यावरून सुरुवात करा

(संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न मला जिन्यात, गच्चीवर, अगदी दूधवाल्याच्या रांगेतही विचारला जातो. "भाऊ, वाचुचा तर खूप आसा, पण सुरुवात खयसून करू?" आज त्याचे उत्तर देतो.

आधी थोडा हिशेब. बँकेत आयुष्य गेले, त्यामुळे हिशेबावाचून बोलता येत नाही. आपल्या वयाचा माणूस वर्षाला आठ-दहा कादंबऱ्या वाचतो. डोळ्यांनी आणखी दहा वर्षे साथ दिली तर झाल्या शंभर. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर हा आकडा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. शंभरच वाचायच्या असतील तर निवडून वाचायला हव्यात. म्हणून माझा पहिला नियम: पन्नास पाने वाचून मन लागले नाही तर पुस्तक खुशाल मिटा. ती काही मुदत ठेव नव्हे, मोडली म्हणून व्याज बुडत नाही.

आता सुरुवात. आपण राहतो तळेऱ्यात. तिठ्यावर उभे राहा. हायवेने दक्षिणेला निघालात की कुडाळ लागते. तिथे चिं. त्र्यं. खानोलकरांनी खानावळ चालवली होती. कवी आरती प्रभू ते हेच. त्यांची 'कोंडुरा' (१९६६) वाचा. देवाकडून मिळालेले वरदान माणसाला कसे जड होते, ते त्यात आहे. कोंडुरा हे वेंगुर्ल्याजवळचे खरे ठिकाण, त्यामुळे वाचून झाल्यावर तिथे जाऊन समुद्राचा आवाज ऐकता येईल. 'रात्र काळी घागर काळी' मात्र एकटे असाल तर दिवसा वाचा. थट्टा नाही करत.

तसेच पुढे शिरोड्याला जा. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तिथल्या शाळेत शिकवत होते. शेजारच्या आरवलीचे जयवंत दळवी. 'ययाति' आपल्यातल्या बहुतेकांनी कॉलेजात असतानाच वाचली, ती पुन्हा सुचवत नाही. दळवींची 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) मात्र जरूर सुचवतो. ज्यांना वाटते कादंबरी म्हणजे डोकेदुखी, त्यांच्या हातात मी हीच देतो. गावातली एकेक वल्ली हसवत येते आणि पुस्तक संपता संपता आपलाच गळा दाटतो. मग त्याच दळवींची 'चक्र' घ्या. मुंबईच्या झोपडपट्टीतले जग त्यात आहे, आणि हसवणारा तो माणूस हाच का, असा प्रश्न पडेल. कणकवली तालुक्यातल्याच करूळच्या मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' तिच्या जोडीला ठेवा. आपल्यातल्या निम्म्या लोकांची उमेद मुंबईत गेली, त्यांना वेगळे सांगायला नको.

उत्तरेला खेड-दापोली. तिथले श्री. ना. पेंडसे. नोकरी मुंबईत 'बेस्ट'मध्ये, पण मन दापोलीत. 'गारंबीचा बापू' सगळ्यांना माहीत असतो. मला विचाराल तर आधी 'रथचक्र' (१९६२). एकत्र कुटुंबात राबणारी, मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करणारी बाई. लेखकाने तिला नावच दिलेले नाही, नुसती 'ती'. आमच्या आजीच्या पिढीतल्या किती बायकांना नावाने हाक मारलेली कोणी ऐकली होती? या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण मी सुचवतो ते त्यासाठी नव्हे.

'तुंबाडचे खोत' हे दोन जाडजूड खंड. जगबुडी नदीच्या काठची खोतांची पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट. नातवंडांना तुंबाड म्हटले की सिनेमा आठवतो. त्या गोष्टीचा आणि या गोष्टीचा संबंध नाही, एवढे त्यांना सांगा. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा हे वाचायला घ्यावे. घाई नसावी.

आता गगनबावड्यावरून घाट चढा. वर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आहे. लहानसे पुस्तक, दोन दिवसांत होते. माणदेशातली धनगरांची वस्ती, तिथला तरुण मास्तर आणि दुष्काळ. आपल्याकडे पावसाने वैताग येतो, तिकडे पाऊस नाही म्हणून वाडी उठते. आणखी पुढे विदर्भात उद्धव शेळक्यांची 'धग'. वऱ्हाडी बोलीमुळे सुरुवातीला अडखळाल. मालवणी माणसाने दुसऱ्याच्या बोलीला कंटाळू नये, एवढीच विनंती. त्यातली कौतिक एकदा ओळखीची झाली की सोडत नाही.

मध्यंतरी संस्थेच्या कपाटाचे रजिस्टर मी तपासले (सवय!). त्यात स्त्रियांनी लिहिलेली कादंबरी एकही नोंदलेली नाही. म्हणून मी कविता महाजनांची 'ब्र' (२००५) आणून ठेवली आहे. पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना काय काय सोसावे लागते, ते त्यात आहे. आपल्या सभासद भगिनींपेक्षा ती पुरुषांनी आधी वाचावी असे माझे मत आहे. रागावू नका.

आणि नवे कोणी लिहीत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी: सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर. त्यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सोपी नाही, पण आपल्याच मुलखातला माणूस आज काय पाहतोय ते कळते.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते; रविवारी सकाळी दहा ते बारा. 'तुंबाड'चा पहिला खंड दिवाळीपासून कोणाकडे तरी आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दुसरा खंड घेऊन त्याची वाट पाहत बसलेत. तेवढा परत करावा.