पुंगळी काढलेला ट्रक आणि आपले कान

(शाखेच्या सुरक्षा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरक्षिततेवर बोला म्हटले की आपण बूट, हेल्मेट आणि प्रथमोपचाराच्या पेटीवर बोलतो. आज आम्ही ट्रकच्या सायलेन्सरवर बोलणार आहोत. मागच्या रांगेतली मंडळी हसत आहेत. हसू द्या, पण मालधक्क्यावर किंवा टपालाच्या थैल्या उतरवायच्या नाक्यावर ज्यांनी रात्रपाळी काढली आहे ते हसत नाहीत, हे आम्हाला इथून दिसते आहे.

प्रकार सर्वांच्या पाहण्यातला आहे. हमरस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये ट्रक उभा करायचा, सायलेन्सर कापून काढायचा आणि त्या जागी सरळ नळी बसवायची. मोटारसायकलवाली पोरे ज्याला पुंगळी काढणे म्हणतात त्याचाच हा मोठा भाऊ. मग गाडी गुरगुरत नाही, डरकाळी फोडते.

हा आवाज येतो कुठून? इंजिनातला धूर नळाच्या पाण्यासारखा सलग बाहेर पडत नाही, धक्क्याधक्क्याने पडतो. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर दर फेऱ्याला तीन, म्हणजे सेकंदाला १०० धक्के. सायलेन्सरच्या पोटात भोके पाडलेल्या नळ्या, आडवे पत्रे आणि कप्पे असतात. त्यांत या लाटा एकमेकींवर आपटून मरतात. हे पोट काढून टाकले की प्रत्येक धक्का सरळ रस्त्यावर येतो आणि तिथे जो उभा असेल त्याच्या कानात शिरतो.

ट्रक ड्रायव्हरला विचारले तर तो सांगतो, गाडी मोकळी होते, घाटात ओढते, डिझेल वाचते. आम्ही त्याच्याशी चहा घेत वाद घातला आहे. टर्बो बसवलेल्या इंजिनात सरळ नळीने वाढणारी ताकद इतकी थोडी असते की भरलेल्या ट्रकला ती जाणवत नाही. फसतो तो कान. आवाज वाढला की जोर वाढला असे वाटते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर सायलेन्सरच्या डब्यातच काजळी धरणारी गाळणी आणि युरियाच्या द्रावणाने विषारी वायू मारणारी योजना असते. ती काढली तर गाडीचा संगणकच इंजिनाची ताकद कमी करतो. तो फसवावा म्हणून आणखी खर्च करायचा. डिझेलचा धूर कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले आहे. म्हणजे आवाजाबरोबर तोही फुकट.

पण त्या ड्रायव्हरला आम्ही खलनायक म्हणणार नाही. ट्रक मालकाचा, माल व्यापाऱ्याचा, रस्ता सरकारचा. त्या सगळ्यात आवाज तेवढा त्याचा. आपल्यातल्या जुन्या लोको ड्रायव्हरांना आपापल्या शिट्टीचा अभिमान नव्हता काय? आणि सर्वांत आधी बहिरा होणार तो हाच, कारण दिवसाचे दहा-बारा तास तो त्याच आवाजात बसलेला असतो.

आता कानाचे गणित. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. आपल्याकडे कारखान्यांसाठी ८ तासांना ९० डेसिबल धरले गेले. म्हणजे आपले कान अधिक मजबूत आहेत असे कोणीतरी ठरवले असावे! कानाच्या आत केसासारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि बहिरेपण एकदम येत नाही. आधी उंच स्वर जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, कारण स, श, फ, ट ही व्यंजने तिथेच असतात.

हे आम्ही का सांगतो? आमच्या ओळखीचा एक गेटमन आहे. त्याच्या फाटकावरून खाणीचे ट्रक जातात. फाटक बंद झाले की रांग लागते, इंजिने चालू राहतात आणि त्यांत दोन-तीन तरी पुंगळी काढलेले. पंधरा वर्षे त्याने तिथे काढली. आता स्टेशन मास्तरांचा फोन आला की प्रायव्हेट नंबर त्याला दोनदा, तीनदा विचारावा लागतो. मास्तर चिडतात. घरी बायको म्हणते, टीव्ही शेजाऱ्यांसाठी लावता का? तो हसून सांगतो, पण साहेबांना सांगायला तयार नाही, कारण ड्युटी बदलेल, भत्ता जाईल. सर्व दोष ट्रकचाच असे आम्ही म्हणणार नाही. गाड्यांचे हॉर्नही त्याने तितकीच वर्षे ऐकले. पण इंजिनाचा हॉर्न रुळावरच्या माणसाचा जीव वाचवतो. त्या नळीच्या आवाजाने कोणाचा जीव वाचतो?

उलट तो जीव घेऊ शकतो. रस्त्याला लागून असलेल्या रुळावर गँग काम करते तेव्हा लुकआउट मॅनच्या शिट्टीवर सारे अवलंबून असते. शेजारून असा ट्रक चढ चढत असेल त्या अर्ध्या मिनिटात चांगल्या कानाच्या माणसालाही शिट्टी ऐकू येत नाही. ज्यांनी ही पाळी अनुभवली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९०(२) खाली आवाजाचे मानक मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिने निलंबित. हे कलम नीट वाचा. त्यात चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही येतो. कलम १८२-अ मध्ये तर वाहनात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकालाही शिक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक शहरांत पोलीस जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. नळी चेपली, पोराचे पैसे गेले, मालक मोकळा.

आणि आपण? आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंदवण्याजोग्या रोगांच्या यादीत होते. पण त्याच कायद्याने रेल्वेची रनिंग शेड कारखान्याच्या व्याख्येतून वगळली होती. मालधक्का, फाटक, टपालाचा नाका यांचे तर नावच नको. भरपाईचे दार मात्र उघडे आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने आलेला श्रवणदोष व्यवसायजन्य रोग म्हणून घातला गेला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. अडते ते कागदावर. नोकरीला लागताना कान कसा होता, हे दाखवणारा कागद कोणाकडेच नसतो. रेल्वेत ए-वन पासून सी-टू पर्यंतचे वैद्यकीय वर्ग आपल्याला पाठ आहेत, पण ते सारे डोळ्यांभोवती फिरतात.

म्हणून आपल्या शाखेने दोन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली, माल आणि टपाल वाहतुकीच्या ठेक्यात अशी अट असावी की सायलेन्सर नसलेली गाडी आवारात घेतली जाणार नाही आणि दंड ठेकेदाराच्या बिलातून कापला जाईल, ड्रायव्हरच्या पगारातून नव्हे. याचे उत्तर अजून आलेले नाही. दुसरी, फाटक, गँग, मालधक्का आणि मेल मोटारवरच्या प्रत्येकाची श्रवणचाचणी होऊन आलेख त्याच्या हाती मिळावा. हे तोंडी मान्य झाले आहे. लेखी मिळेपर्यंत आम्ही ते मान्य धरत नाही.

चाचणीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. रात्रपाळी संपवून थेट जाऊ नका. मोठ्या आवाजातून आलेला कान काही तास सुन्न असतो, आलेख चुकीचा येतो. निदान १४ तास शांततेत काढायचे असतात. तेवढी सुट्टी ड्युटीत धरावी म्हणून केलेला अर्ज बाहेर टेबलावर ठेवला आहे. सह्या करूनच चहाला जा.