आत्मवंचना आणि ख्रिस्ती पश्चात्ताप



खोटी साक्ष देणारा मनुष्य उलटतपासणीत उघडा पडतो. ज्याने प्रथम स्वतःलाच फसविलेले असते, तो साक्षीदार मात्र अवघड. शपथेवर बोलताना त्याचा स्वर कापत नाही.

ख्रिस्ती शिकवणुकीपुढील पेच हाच आहे. पापाची कबुली, पश्चात्ताप आणि क्षमा असा तिचा क्रम. परंतु पाप हे पापच वाटत नसेल, तर कबुली कशाची द्यावयाची? लंडनच्या वकीलवस्तीतील रोल्स चॅपेलमध्ये बिशप जोसेफ बटलर यांनी दिलेली प्रवचने १७२६ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकात बायबलमधील दावीद राजाचा दाखला आहे. उरीयाची पत्नी घेऊन त्याला युद्धात मारविणाऱ्या या राजाला नाथानाने एक गोष्ट सांगितली : एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावली. दावीद संतापला, असा मनुष्य मरणास पात्र आहे, असे म्हणाला. तो मनुष्य आपणच, हे नाथानाने सांगेपर्यंत त्याला उमगले नाही.

दुसरे उदाहरण जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाचे. १७४८ साली सागरी वादळात तो देवाकडे वळला. तरीही १७५० ते १७५४ या काळात तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता. वर खलाशांसह प्रार्थना चाले, खाली साखळदंडांत आफ्रिकी माणसे असत. या धंद्याविषयी तेव्हा मनाला शंकाही शिवली नाही, असे पुढे त्यानेच लिहिले. धंदा सुटला तो आजारामुळे. १७६४ साली तो पाद्री झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली १७८८ साली. नंतर त्याने पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. कबुली खरी होती. पण वादळानंतर चाळीस वर्षांनी आलेली.

स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. पापाची यादी पाप्यानेच करावयाची, तर नेमके मोठे कलम गळते. म्हणून केवळ एकांतातील आत्मपरीक्षण पुरे पडत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याची साक्ष पश्चात्तापाच्या आधी ऐकली पाहिजे. नाथान मेंढीवाल्याची बाजू घेऊन आला होता. न्यूटनच्या जहाजावर साखळीतल्या माणसाला कोणी विचारले नाही.

वाचकहो, धर्मांतराने आत्मवंचना आपोआप संपत नाही, हे न्यूटनच्या चरित्रावरून आपणही शिकावे. तुमच्या घरात जिला बोलण्याची संधी सर्वांत कमी मिळते, तिला आज विचारा, "माझ्याकडून तुझ्यावर कोणता अन्याय होतो?" आणि तिचे उत्तर मध्येच तोडू नका.