संस्थापक आणि त्याचे सोबती

उद्योगाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा संस्थापकाचे नाव ठळक अक्षरांत येते. त्याच्या शेजारी उभे राहून राबलेल्यांची नावे मात्र मागे पडतात. तथापि नवा उद्योग उभा कसा राहतो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर संस्थापकाइतकेच त्याच्या सोबत्यांकडेही पाहिले पाहिजे. ‘स्टार्टअप’ हा शब्द हल्ली घरोघरी ऐकू येतो. शब्द नवा, गोष्ट जुनी आहे. बेळगावकरांना तर तिच्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शहरातील किर्लोस्कर रोड त्या गोष्टीची आठवण अजून सांभाळून आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्याने ती वाट बंद झाली. ते यंत्ररेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि बंधू रामुअण्णा त्या विकीत. पुढे नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव बेळगावी परतले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीस तेथेच आरंभ झाला.

येथे पहिला धडा मिळतो. माल उत्तम असला म्हणजे तो आपोआप खपतो, हा नव्या कारखानदाराचा आवडता भ्रम होय. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे सारे वर्षाचे अन्न त्या जमिनीवर अवलंबून आहे, तो नव्या अवजाराला सहजासहजी हात कसा लावील? त्याच्या शंकेला मान देऊन तिचे निरसन करणे हे नांगर घडविण्याइतकेच मोठे काम होते. पुढे पुतणे शंकरराव यांनी जाहिरातीची बाजू सांभाळली. १९२० मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्रातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. कारखान्याची भट्टी आणि मराठी अक्षर यांचा असा संयोग विरळाच.

दुसरा धडा माणसे ओळखण्याचा. बेळगाव नगरपालिकेला विस्तारासाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलविणे भाग पडले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान दिले आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. तेथे जमलेली माणसे कोण होती? शाळेत अपयशी ठरलेले शंभोराव जांभेकर इंजिनांचे जाणकार झाले. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते ठरले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब पाहिले, के. के. कुलकर्णी यांनी पडेल ती व्यवस्था पाहिली, रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार वाहिला. राखणीचे काम तर एके काळी दरोडेखोरी केलेल्या दोघांकडे सोपविण्यात आले. स्वतः एका वाटेवर अपयश घेतलेल्या माणसाला दुसऱ्याचे अपयश म्हणजे त्याची अखेर वाटत नाही, हेच या निवडीचे रहस्य असावे.

तिसरा धडा सोबत्यांसाठी आहे. संस्थापकाला उद्याचे चित्र स्पष्ट दिसते. म्हणूनच कधी कधी आजची चूल आणि आजची उधारी त्याच्या नजरेतून निसटते. ती पाहणारे कोणीतरी लागते. किर्लोस्करवाडी केवळ यंत्रांची वसाहत नव्हती. सुमारे पंचवीस कामगारांची कुटुंबे त्या ओसाड माळावर येऊन राहिली होती. पाणी, निवारा आणि मुलांची सोय ही तेथे नांगराइतकीच निकडीची होती. धाडस एकाच्या नावावर जमा होते. त्या धाडसाची किंमत मात्र अनेक घरांतून वसूल होत असते. हे ज्या संस्थापकाला कळते, त्याच्यापाशी माणसे टिकतात. ज्याला कळत नाही, त्याच्यापाशी भांडवल असूनही कारखाना ओस पडतो.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. सायकलींच्या एका दुकानापासून निघालेला उद्योग तोवर पंप आणि तेलइंजिनांपर्यंत पोहोचला होता. बेळगावातही पुढे ओतकामाचे कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. तरीही शहराने १९१० मध्ये काय गमावले, याचा विचार नगरकारभार पाहणाऱ्यांनी अवश्य करावा. नव्या उद्योगाची शेड हलविण्यास काही दिवस पुरतात. तिच्यासोबत गेलेली माणसे मात्र परत येत नाहीत.

आज इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथे एखादा तरुण नवी कल्पना घेऊन पुढे आला, तर भांडवल किती हा प्रश्न त्याला सारेच विचारतील. ‘तुझ्यासोबत कोण आहे, आणि त्यांच्या घरची तुला काय माहिती आहे?’ हा प्रश्नही कोणीतरी विचारावा. त्याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याचा माळ ओसाड राहण्याचा संभव थोडा.