संगणकाचा वेग आणि स्थैर्य

घरोघरीं संगणक आल्यापासून कित्येक तरुणांस एक नवा छंद लागला आहे. कारखान्यानें ठरवून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें यंत्र चालवावयाचें! यास ‘ओव्हरक्लॉकिंग’ असें म्हणतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत वैशाखमासीं पारा चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणीं या छंदाच्या भोक्त्यांनीं कोणतें पथ्य पाळावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

संगणकाची तात्पुरती स्मृति म्हणजे रॅम. तिच्यांतील प्रत्येक अंक सूक्ष्म विद्युद्भाराच्या रूपानें सांठविलेला असतो. हा भार सतत गळतो. म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत तो पुन्हां भरावा लागतो. उष्णतेनें गळती वाढते. चिप ८५ अंशांहून अधिक तापली, तर हेंच काम ३२ मिलिसेकंदांत उरकावें लागतें. पाझरणारा माठ वरचेवर भरावा लागतो, तशांतलाच हा प्रकार.

डीडीआर-४ जातीच्या रॅमचें प्रमाणित व्होल्टेज १.२ व्होल्ट आहे. मदरबोर्डाच्या बायोसमध्यें ‘एक्सएमपी’ ही तयार योजना निवडली कीं तें पुष्कळदां १.३५ होतें. रॅम त्या वेगास उतरते, असें तिच्या कारखान्यानें पाहिलेलें असतें. परंतु आपला प्रोसेसर व मदरबोर्ड तो वेग पेलतील, अशी हमी त्यांत नसते.

नुसत्या मोठ्या आंकड्यासहि भुलूं नये. ३२०० वेगाची रॅम १६ ठोके थांबून उत्तर देते आणि ३६०० वेगाची १८ ठोके थांबून देते, असें समजा. हिशेब केल्यास दोहोंचा विलंब सारखाच, म्हणजे १० नॅनोसेकंद भरतो. दुसरी एका दमांत अधिक माहिती वाहून नेईल, एवढाच काय तो लाभ.

प्रोसेसरचें गणित याहून कठोर आहे. त्याची उष्णता स्थूलमानानें वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दोन्ही शेंकडा १० वाढविलीं, तर उष्णता शेंकडा ३३ वाढते!

यंत्र बंद पडलें तर निदान कळतें तरी. खरा धोका निराळाच आहे. स्मृतींतील एखादा अंक गुपचूप बदलतो, पडद्यावर सारें सुरळीत दिसतें, आणि बिघडलेली प्रत डिस्कवर लिहिली जाते. लेकीच्या लग्नाचीं छायाचित्रें, सातबाऱ्याची प्रत, मुलाचा प्रबंध, यांतील बिघाड वर्षानें उघडकीस येतो. तोंवर राखीव प्रतीहि तशाच बिघडलेल्या असतात. चूक हेरून सुधारणारी ईसीसी रॅम घरगुती यंत्रांत बहुधा नसते.

म्हणून एका वेळीं एकच फेरफार करावा व जुना आंकडा वहींत टिपून ठेवावा. फेरफारानंतर ‘मेमटेस्ट८६’सारखी परीक्षा रात्रभर चालवावी. एक जरी चूक निघाली तरी यंत्र नापास समजावें. येथें ३५ गुणांची सवलत नाहीं. नापास झाल्यास व्होल्टेज चढविण्याआधीं वेग एक पायरी उतरवून पाहावा. आणि पौषांत उत्तीर्ण झालेलें यंत्र वैशाखांतील भर दुपारीं पुन्हां परीक्षेस बसवावें.

ज्या यंत्रांत घरचे कागदपत्र आहेत, तें कारखान्याच्या वेगानेंच चालूं द्यावें. हौस दुसऱ्या यंत्रावर खुशाल पुरवावी.