उड्या मारणारा कोळी : शत्रु कीं सोबती ?

सकाळचें ऊन खिडकींतून आंत येतें आणि भिंतीवर बोटाच्या पेराहून लहान असा एक केसाळ प्राणी दिसतो. तो चालतां चालतां थबकतो, पाहणाऱ्याकडे तोंड वळवितो आणि टुणकन् उडी मारतो. मग घरांत एकच गलका होतो. मुलें मागें सरतात, कोणी केरसुणी उचलतो, कोणी औषधाचा फवारा आणावयास धांवतो आणि घरचें मांजर मात्र झडप घालण्यासाठीं टपून बसतें. हा कोळी माणसाला चावला तर काय, आणि मांजरानें तो खाल्ला तर काय, असे दोन प्रश्न अशा वेळीं उभे राहतात.

कोळी म्हटला कीं जाळें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हा कोळी शिकारीसाठीं जाळें विणीत नाहीं. तो दबा धरून सावज गांठतो. प्राणिशास्त्रांत या कुलाला ‘साल्टिसिडी’ हें नांव असून त्यांत ६,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. कोळ्यांच्या कुलांत हेंच सर्वांत मोठें. त्याच्या आठ डोळ्यांपैकीं चार समोर असून मधले दोन विशेष मोठे असतात. उडी मारतांना तो अंगांतील द्रवाच्या दाबावर विसंबतो. दाब एकाएकीं वाढला कीं पाय ताठ होतात आणि देह पुढें फेंकला जातो. त्याचें टक लावून पाहणें हा क्रोध नव्हे; समोर भक्ष्य आहे कीं भय, याची ती पारख असते.

आतां विषाचा प्रश्न. या कोळ्याला विष असतें, हें खरें; परंतु तें माशी किंवा डांस निश्चेष्ट करण्यापुरतें असतें. वाट मोकळी असली तर तो माणसापासून पळूनच जातो. कपड्यांत दडपला किंवा मुठींत चेंगरला, तरच क्वचित् चावतो. मग टांचणी टोंचल्यासारखी वेदना, थोडी लाली, सूज व खाज एवढेंच बहुधा होतें आणि तें एक-दोन दिवसांत ओसरतें. जागा साबणानें धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवणें पुरेसें होतें. मात्र कोणत्याहि दंशानंतर श्वास लागला किंवा तोंड सुजलें, तर रोग्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

मांजर-कुत्र्यांचेंहि असेंच. हें विष दंशानें अंगांत शिरलें तरच काम करतें. खाल्लेला कोळी पोटांत पचून जातो. अधिक भय फवाऱ्याचें आहे. पर्मेथ्रिन नांवाचें कीटकनाशक कुत्र्यांना पुष्कळ अंशीं सोसतें, परंतु मांजराच्या शरीराला तें निष्प्रभ करतां येत नाहीं. त्यानें मांजरास झटके येतात आणि प्रसंगीं प्राणहि जातो. म्हणजे निरुपद्रवी कोळ्यापासून मांजरास वाचविण्यासाठीं मांजरासच विष घालण्याचा प्रकार होतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. अंगावर फोड उठले कीं ‘कोळी फिरला’ असें म्हणण्याची चाल आहे. पावसाळ्यांतले असे फोड पुष्कळदां ‘पीडेरस’ नांवाच्या तांबड्या-काळ्या किड्यामुळें उठतात. तो दिव्याकडे येतो व चावत नाहीं. पण अंगावर चिरडला गेला कीं त्याच्या रसानें त्वचा भाजते. त्याला फुंकर मारून उडवावें आणि त्वचा लगेच साबणानें धुवावी. परंतु शरीराच्या एकाच बाजूस, ठणक्यासह, फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण असण्याचा संभव असतो. तिचें औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालें तर अधिक गुण येतो. कोळ्यावर आळ घेऊन लेप लावीत बसणाऱ्या घरांत नेमके तेच तास वायां जातात.

या कोळ्याचा उपयोगहि आहे. घरांतील माश्या, डांस व चिलटें हें त्याचें अन्न. पूर्व आफ्रिकेंत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरांतील एक जात तर रक्त प्यालेले डांस निवडून खाते. महाराष्ट्राशींहि या कुलाचें एक नातें जडलें आहे. ठाणें-कल्याण भागांत सांपडलेल्या एका नव्या जातीला २०२१ सालीं ‘इसियस तुकारामी’ असें नांव देण्यांत आलें. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यांत प्राणार्पण करणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचें तें स्मरण आहे.

तेव्हां भिंतीवर हा पाहुणा दिसला तर केरसुणी खालीं ठेवावी. नकोच असेल, तर त्यावर कांचेचा पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला बाहेर कुंडींत सोडून द्यावें. तेथेंहि तो आपलें काम करीतच राहील.